मोगऱ्याच्या वासाचं दूध

वर्षे, ये, अशी जवळ सरक. कागदावर लिहितेय म्हणून लांब बसायचं काही कारण नाही. तू येत नाहीस, मग मी तरी काय करू? संक्रांतीपासून "मावशी, येते येते" चाललंय तुझं, आणि येतंय कोण, तर कुरिअरवाला. त्याला पाणी दिलं, चहा दिला, दोन घास खाऊन जा म्हटलं. मागच्या खेपेला तू जेवढी बसली होतीस, त्याच्यापेक्षा तो जास्त वेळ बसला. तो गेल्यावर खोका उघडला, तर आत काचेच्या ग्लासात ओतलेल्या व्हॅनिलाच्या वासाच्या चार सुगंधी मेणबत्त्या, आणि तुझी चिठ्ठी, की मावशी, घरात लावा, प्रसन्न वाटतं.

अगं, तुझ्या आईनं तुला काही सांगितलं नाही का? ह्या घरात सुगंधी वस्तूला बंदी आहे. बंदी मी घातलेली नाही, माझ्यावर घातलेली आहे. तुझी आई सांगेल तेव्हा तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून मीच सांगते.

आमच्या गावचं दूध एकदा मोगऱ्याच्या वासाचं निघालं होतं, आणि त्यात म्हशींचा काही दोष नव्हता.

छावण्या लागल्या होत्या, त्या दुष्काळातली गोष्ट. गावातली निम्मी जनावरं छावणीत, आमची म्हैसही तिकडंच, आणि म्हशीबरोबर तुझे काका. (छावणीवर आंघोळीला पाणी नसायचं, त्यामुळं ते खूश होते. दुष्काळात खूश झालेला तो एकच माणूस मी पाहिला.) गावात टँकर एक दिवसाआड यायचा. बायांची सकाळ टँकरच्या रांगेत जायची आणि दुपार त्या रांगेतली भांडणं मिटवण्यात.

अशात आमच्या गावात एकच गोष्ट सुरळीत चालू होती, ती म्हणजे बायांची दूध संस्था. चेअरमन मी. मी कशी झाले ते विचारशील, तर पहिल्या मिटिंगला सगळ्याजणी सतरंजीवर बसल्या आणि गुडघ्यांमुळं मी एकटी खुर्चीवर बसले. बाहेरून आलेल्या साहेबांनी विचारलं, चेअरमन ह्याच का? कुणी नाही म्हटलं नाही. सचिव आमची सून मनीषा. ती बारावी शिकलेली, तिला मशीनवर दुधाची फॅट काढता यायची आणि रजिस्टर लिहिता यायचं. मला सही करता यायची.

संस्थेची मूळची खोली पत्र्याची. उन्हाळ्यात तिच्यात दूध ठेवलं की दही व्हायला विरजण लागायचं नाही. म्हणून दूध आमच्या समोरच्या खोलीत यायला लागलं. ती खोली उत्तरेच्या तोंडाची, फरशीची, गार. सकाळचं दूध आम्ही बाहेर ओट्यावर मापून घ्यायचो, कारण लगेच दूध संघाची गाडी यायची. संध्याकाळी मात्र गाडी यायची नाही. एवढ्याशा दुधासाठी दोनदा येणं परवडत नाही म्हणायचे. म्हणून संध्याकाळचे कॅन समोरच्या खोलीत सकाळपर्यंत राहायचे. ताजं दूध ऊबदार असतं, झाकण घट्ट लावलं की नासतं, म्हणून झाकणं तिरपी ठेवून वरून ओलं फडकं टाकायचं. एवढं लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

आणखी एक लक्षात ठेव. त्या खोलीच्या भिंतीवर मी पेंटरकडून पाटी रंगवून घेतली होती. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं: "दुधाजवळ वासाची वस्तू ठेवू नये. हुकमावरून, चेअरमन." दूध कशाचाही वास ओढून घेतं, हे मला संघाच्या शिबिरात कळलं होतं, आणि जे मला कळलं ते गावाला कळल्याशिवाय मला चैन पडत नसे. साखरबाईची चरवी मी एकदा सगळ्यांदेखत परत पाठवली होती, कारण तिनं ती कांद्याच्या टोपल्याशेजारी ठेवली होती. वास मला आला होता. तिला पाटी वाचून दाखवली, दोनदा. ती म्हणाली, "बाई, मला वाचता येत न्हाई, पर तुमचं तोंड दिसतंय." आणि चरवी उचलून गेली.

ही साखरबाई म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी. घरात एकटी, दारात एक म्हैस, आणि गुडघे माझ्याहून वाईट.

तर एक दिवस गाडीच्या ड्रायव्हरनं निरोप आणला. दूध कमी झालंय म्हणून संघ लहान लहान केंद्रं बंद करून शेजारच्या गावाला जोडणार. गुरुवारी सुपरवायझर साहेब येणार, जागा बघणार, दूध बघणार आणि लिहून नेणार, की आपल्या गावात गाडी यावी की न यावी. पलीकडच्या गावाचं केंद्र बंद झालंच होतं. तिथं साहेबांनी लिहिलं होतं, खोलीला वास येतो.

बायांची तोंडं उतरली. गाडी बंद म्हणजे टँकरच्या रांगेतून सुटायचं आणि डोक्यावर किटली घेऊन पुढच्या गावापर्यंत चालत जायचं, तेही दिवसातून दोनदा. साखरबाई त्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून राहिली. म्हणाली, "गाडी बंद झाली तर मी म्हस इकीन. मला चालवत न्हाई. मंग घरात आसंल कोन माझ्यासंगं?"

मी तिला म्हटलं, "चेअरमन मी हाय का न्हाई? गाडी बंद हुणार न्हाई."

ती गेल्यावर मी समोरच्या खोलीत गेले आणि दीर्घ श्वास घेतला. साहेबाच्या नाकानं घेतला. वास होता! कॅन धुवायला पाणी पुरत नव्हतं. एका बादलीत सगळे कॅन खळाळायचे, तेच पाणी मग फरशीला, तेच मग दारातल्या तुळशीला. आंबट दूध, ओला गोणपाट आणि दाराआड काकांच्या छावणीवर वापरलेल्या जुन्या वहाणा, असा तिहेरी वास होता. आम्हाला सवय झाली होती. साहेबाला नसणार.

मनीषा म्हणाली, "आई, परळीला जाऊ. फिनेल आणू, चांगला ब्रश आणू, नवं गाळायचं फडकं आणू."

बुधवारी आम्ही दोघी परळीला गेलो. बघ, फिनेल, ब्रश, फडकं. तीनच वस्तू. मी पदराला गाठ मारून गेलते.

आता मोंढ्याच्या बाजाराकडं जाताना शफीकभाईंचं दुकान लागतं. त्यांचे वडील बाजारात लाकडी पेटी घेऊन अत्तर विकायचे, कापसाचा फाया करून लोकांच्या कानात ठेवायचे. मला त्यांची पेटी आठवत होती. पण तिथं पेटी नव्हती. तिथं काचेचं दार होतं, आणि आत एसी. मी मनीषाला म्हटलं, दोन मिनिटं गारव्याला उभं राहू. एवढंच म्हटलं. पुढचं सगळं त्या गारव्यानं केलं.

वर्षे, तुम्ही पुण्या-मुंबईच्या पोरी हे रोज बघता. मी पहिल्यांदा बघत होते. उशांना मोत्यांच्या झालरी. चहाच्या कपाला सोन्याचा कान. लाकडाचं हरीण. एक फुलदाणी अशी, की तिच्यात फूल ठेवायला जागाच नाही. आणि मधोमध टेबलावर एक दगडी कारंजं. पाणी वर जातंय, खाली पडतंय, परत वर जातंय. मी त्याच्यापुढं हात जोडायच्या बेतात होते.

"शफीकभाई, हे पानी प्यायचं का?"

"न्हाई काकू, हे बघायचं. दिल को सुकून मिळतो."

"बघायचं तर आमच्याकडं बी आसतंय. टँकर पुढच्या गावाला जाताना रोज बघतो आमी."

शफीकभाई हसले आणि त्यांनी मला स्टूल दिलं. कोणी मला बसायला दिलं की माझ्या हातून काहीतरी घडतं, हे मला चेअरमन झाले तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

मग वासाचं कपाट उघडलं. गुलाब, चंदन, संत्रं, व्हॅनिला. एक बाटली ओल्या मातीच्या वासाची. ती मी नाकाला लावली आणि लगेच परत ठेवली. गावात तिचं बूच उघडलं असतं तर लोक तिफणी घेऊन पेरणीला निघाले असते. सहा-सात बाटल्या हुंगल्यावर माझं नाक बसलं, कशालाच काही वास येईना. तेव्हा शफीकभाईंनी एका वाटीत कॉफीच्या बिया पुढं केल्या. मी दोन तोंडात टाकल्या. ते म्हणाले, "काकू, खायच्या न्हाई, हुंगायच्या. नाक साफ होतं." मनीषा तिकडं हरणाकडं बघत उभी राहिली, जणू ती हरणाबरोबर आली होती.

आणि मग त्यांनी ती बाटली काढली. लहान गळ्याची काचेची बाटली, आत पिवळसर तेल, आणि बरोबर बांबूच्या दहा बारीक काड्या. "ह्याला डिफ्यूजर म्हणतात. काड्या तेलात उभ्या करायच्या. काड्या तेल वर ओढतात आन् वास सोडत राहतात. ना आग, ना धूर. मोगरा हाय, एकदम असली."

मी हुंगलं, आणि मला साहेब दिसले. दारात उभे आहेत, श्वास घेतायत आणि रजिस्टरमध्ये लिहितायत: खोलीला सुवास येतो.

"पर काकू," शफीकभाई म्हणाले, "तेल तेज हाय. लहान खोली आसंल तर दोनच काड्या. आन् खान्यापिन्याच्या वस्तूजवळ ठेवू नका."

"ते मला सांगता?" मी म्हटलं. "त्याची तर मी पाटी लिवलीय."

बाटल्या दोन घेतल्या. एक फुटली तर दुसरी असावी. किंमत लिहीत नाही, हा कागद तुझ्या काकांच्या हाती लागू शकतो. फाट्यावर उतरल्यावर मनीषा म्हणाली, "आई, फिनेल राहिलं." मी पदराची गाठ बघितली. गाठ जागच्या जागी होती.

संध्याकाळी मी खोलीत एकटी होते. बाटली उघडली. दोन काड्या घातल्या. नाकानं वाट बघितली. काही नाही. (आता कळतं, नाक परळीहून अजून परत आलं नव्हतं.) मग मी विचार केला, की दुकानदार दोन काड्या सांगतो ते दुकानाच्या खोलीसाठी, जिथं एसी आहे आणि हरीण आहे. आमच्या खोलीत काकांच्या वहाणा आहेत. मी दहाच्या दहा घातल्या. तरी समाधान होईना, म्हणून दुसरीही बाटली उघडून तिच्याही दहा. वीस काड्या. एक बाटली खिडकीत ठेवली. दुसरी कुठं ठेवावी, तर दारातून आल्या आल्या साहेबांची नजर जिथं पडेल तिथं, म्हणजे भिंतीवरच्या कोनाड्यात. बरोबर कॅनच्या वर. बरोबर पाटीच्या खाली.

तू म्हणशील, मावशी, तेव्हा तरी पाटी वाचायची. अगं, ती मी लिहिली होती. स्वतः लिहिलेलं कोण वाचतं?

बाया दूध घेऊन आल्या. रोज माप झालं की पाच मिनिटांत पांगायच्या, त्या दिवशी कुणी जाईना. ज्या कधी आत पाऊल टाकायच्या नाहीत, त्याही सतरंजी टाकून बसल्या. एकजण म्हणाली, लग्नाच्या मांडवात आल्यावानी वाटतंय. साखरबाईनं मात्र दारातूनच दोनदा नाक ओढलं आणि विचारलं, "बाई, हे चालतंय व्हय दुधाजवळ?"

मी म्हटलं, "साखरबाई, तुमचा व्हता कांदा. हे परळीचं हाय."

तिनं चरवी रिकामी केली आणि गेली.

तुझे काका छावणीवरून आले, उंबऱ्यात थांबले, वहाणा काढून हातात घेतल्या आणि म्हणाले, "कुनाचं लगीन हाय आज? मी नंतर येऊ का?" मी म्हटलं, तुमचंच. तर म्हणाले, "मग माझी आंघूळ कावून न्हाई झाली?" आणि त्या दुष्काळात पहिल्यांदा आपणहून तांब्याभर पाणी घेऊन अंग पुसायला गेले. मला वाटलं, योजना लागू पडली.

कॅन भरले, झाकणं तिरपी ठेवली, ओलं फडकं टाकलं. सगळं शिबिरात शिकवल्यासारखं.

गुरुवारी सकाळी गाडीबरोबरच साहेब आले. वाळलेला, उंच माणूस, शर्टाच्या खिशात तीन पेनं. मोजकं बोलणारा. दारात आले, श्वास घेतला, थांबले, परत घेतला. भिंती बघितल्या, फरशी बघितली, मशीन बघितलं. मनीषानं रजिस्टर पुढं केलं. त्यांनी एका पेनानं काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "खोली चांगली ठेवलीय."

मी बाहेर ओट्यावरच्या बायांकडं बघून मान हलवली. साखरबाईनं पदरानं डोळे पुसले. वर्षे, तिथंच ते साहेब परत गेले असते तर आज मी तालुक्याची चेअरमन असते. पण दारात आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायची आपल्याकडं रीत नाही. आणि आमची म्हैस छावणीत, म्हणून चहाला दूध घेतलं ते कालच्या कॅनमधलं.

साहेबांनी एक घोट घेतला. कप खाली ठेवला. कपाकडं बघितलं. परत उचलून हुंगला.

"चहात काय घातलंय?"

मनीषा म्हणाली, "विलायची."

"ही विलायची नाही."

"आलं बी हाय," मी म्हटलं.

ते कप तसाच ठेवून उठले, कॅनपाशी गेले, फडकं काढलं, झाकण उचललं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला नाक लावलं. दुसऱ्या कॅनचं झाकण. तिसऱ्याचं. प्रत्येक झाकणानंतर ते एकदा माझ्याकडं बघत होते. (ड्रायव्हरनं तेवढ्यात आपला चहा संपवून दुसरा कप मागितला. त्याचं मत मात्र कुणी रजिस्टरमध्ये घेतलं नाही.)

"बाई, ह्या दुधाला मोगऱ्याचा वास येतोय."

मी शांतपणे म्हटलं, "म्हशींनी खाल्ला आसंल मोगरा."

"परळीपासून इथपर्यंत मला रस्त्यानं हिरवं पान दिसलं नाही," साहेब म्हणाले. "जनावरं छावणीत उसाचं वाढं खातायत. मोगरा कुठून आणला त्यांनी?"

मग त्यांची नजर वर गेली. आधी कोनाड्यातली बाटली, मग त्या दहा काड्या, मग बाटलीच्या वर. त्यांनी पाटी वाचली. मोठ्यानं वाचली, शाळेत कविता वाचतात तशी, एकेक शब्द सुटा करून. "दुधाजवळ. वासाची. वस्तू. ठेवू नये. हुकमावरून. चेअरमन." मग वळून विचारलं, "चेअरमन कोण?"

बारा बायांनी माझ्याकडं बघितलं. मी पाटीकडं बघितलं. पाटीनं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं.

"मीच," मी म्हटलं.

साहेबांनी दुसरं पेन काढलं. पहिलं लिहिलेलं खोडलं, ते मला उलट्या बाजूनंही दिसलं. म्हणाले, हे दूध संघाच्या टँकरमध्ये गेलं तर सगळा टँकर मोगऱ्याचा होईल. हे घेता येणार नाही. आणि असं होत असेल तर इथं केंद्र ठेवावं का, ह्याचा विचार करावा लागेल.

साखरबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिचं बसणं बघितलं आणि माझी चेअरमनकी उतरली. मी म्हटलं, "सायेब, तुमी लिवा. पर नीट लिवा. चूक बायांची न्हाई, म्हशींची न्हाई, दुधाची बी न्हाई. चूक ह्या एका बाईची हाय. काल ह्या साखरबाईनं मला इचारलं, हे चालतंय व्हय म्हणून. तिला वाचता येत न्हाई, तरी कळलं. मला वाचता येतं, मी लिवलेलंच मला कळलं न्हाई. गाडी बंद करायची तर करा, पर आधी सकाळचं दूध बघा. ते बाहेर हाय, ओट्यावर."

साहेब बाहेर आले. प्रत्येकीच्या किटलीचं झाकण काढून हुंगलं, नमुना घेतला, मनीषाकडून मशीनवर फॅट काढून घेतली, लॅक्टोमीटर बुडवला. लॅक्टोमीटर वर आला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून परत बघितलं.

"एकाही दुधात पाणी नाही?"

साखरबाई खालूनच म्हणाली, "सायेब, घालायला पानी हाय कुठं?"

तेव्हा ते हसले. हसले म्हणजे तोंडाची एक बाजू हलली, पण तेवढ्यानं आम्हाला पुष्कळ झालं. तिथंच ओट्यावर बसून त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. दूध उत्तम. केंद्र चालू ठेवावं. गाडी रोज यावी. फक्त चेअरमनबाईंच्या घरातून केंद्र तातडीनं हलवावं, आणि ते जिथं असेल तिथं चेअरमनबाईंनी कोणतीही वस्तू सोबत घेऊन येऊ नये.

अशा रीतीनं गाडी राहिली आणि मी गेले.

केंद्र हललं ते साखरबाईच्या पडवीत. पडवी उत्तरेच्याच तोंडाची, गार, आणि तिच्या घरात वासाची म्हणून एकच गोष्ट होती, कांद्याचं टोपलं, ते तिनं आपणहून आमच्या घरी आणून ठेवलं. आता तिला दूध घेऊन चालायचं म्हणजे चुलीपासून पडवीपर्यंत. म्हैस आहे तिथंच राहिली. पाटीही तिकडं गेली. वाचता येत नाही, पण रोज सकाळी ती पुसते.

आणि त्या कॅनमधल्या दुधाचं विचारशील. दुष्काळात दूध ओतून द्यायची कुणाची छाती होती? कढया मांडल्या, खवा केला, पेढे वळले. आटवताना मला वाटलं वास उडून जाईल, तर दूध आटलं आणि वास राहिला. पेढा तोंडात टाकला की आधी गजरा घातल्यासारखं वाटायचं. मारुतीला नैवेद्य दाखवला, त्यानं तक्रार केली नाही. काकांनी छावणीवर डबा भरून नेला आणि रिकामा आणला. म्हणाले, माणसांनी दोनदोन खाल्ले, म्हशीनं तोंड फिरवलं. बायांच्या त्या दुधाचे पैसे चेअरमनच्या खात्यावर पडले. त्याबद्दल काका अजूनही बोलतात, म्हणून मी बोलत नाही.

शफीकभाईंना पुढच्या खेपेला मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काकू, मी दोन काड्या बोललो होतो." मी म्हटलं, हो. मग त्यांनी मला बसायला स्टूल दिलं नाही. शहाणा माणूस.

आता पाऊसपाणी बरं झालंय, दूध वाढलंय, गाडी दोन्ही वेळा येते. चेअरमन अजून मीच आहे, कारण गुडघे तसेच आहेत आणि खुर्ची एकच आहे. रोज संध्याकाळी मी पडवीत जाते, तेव्हा साखरबाई दारात बसलेली असते. ती बाकीच्या बायांना "या" म्हणते. मला म्हणत नाही. आधी जवळ बोलावते, पदर हुंगते, दोन्ही हात हुंगते, मग "जावा आत" म्हणते. इतकी वर्षं झाली, तिनं एक दिवस सोडलेला नाही.

म्हणून म्हणते वर्षे, तू लवकर ये. काही आणू नकोस, हात हलवत ये, अंगाला काही लावून तर मुळीच येऊ नकोस, दारात तपासणी आहे. येशील तेव्हा तो मेणबत्त्यांचा खोका परत घेऊन जा. तो कुठं ठेवावा मला सुचेना. दुधापासून लांब ठेवायचा, एवढं आता मला पक्कं कळलंय, म्हणून मी तो खूप विचार करून घराच्या अगदी दुसऱ्या टोकाला ठेवला, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात.

आज सकाळी तुझे काका भाकरीचा पहिला घास घेऊन थांबले आणि मला म्हणाले, "केक केलास का?"